संघाच्या कारभारावर वाद कसा घालावा: धरमपेठेतल्या एका वहीवरून

28 ऑक्टोबर 2024 रोजी वसुबारस होती. संध्याकाळी पाचच्या सुमारास इंग्लंडमधल्या मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबने एरिक टेन हाग यांना मॅनेजरपदावरून दूर केल्याची बातमी फोनवर झळकली आणि सातपर्यंत नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या नेहमीच्या चहाच्या टपरीवर नऊ जण जमले. हे होणारच होते आणि आपण ते केव्हाच सांगितले होते, असे प्रत्येक जण आपापल्या आवाजात म्हणत होता. बँकेतून निवृत्त झालेले आमचे काका मात्र गप्प होते. त्यांनी पिशवीतून दोनशे पानी वही काढली, जुलै महिन्याचे पान उघडले आणि बाकावर ठेवून दिले. त्या महिन्याच्या सुरुवातीला क्लबने टेन हाग यांचा करार 2026 पर्यंत वाढवला होता. पानावर आठ नोंदी होत्या आणि त्यांतल्या सहा जणांनी निर्णय योग्य असल्याचे लिहून दिले होते. एक अक्षर माझे होते: "बरोबर केले. कप जिंकून देणाऱ्याला महिन्याभरात घरी पाठवणे शोभत नाही."

"काहून बे, हे तूच लिहिलं ना?" शेजारी बसलेल्या, आर्सेनल या दुसऱ्या क्लबच्या चाहत्याने विचारले. नाही म्हणायला जागा नव्हती, कारण खाली सही होती.

नागपुरात बसून इंग्लंडमधल्या क्लबच्या कारभारावर भांडणाऱ्यांची संख्या थोडी नाही, आणि त्या भांडणाला हसणाऱ्यांचीही नाही. माझ्या मते भांडण ही वेळ वाया घालवण्याची गोष्ट नाही, मात्र आपण ते बहुधा चुकीच्या टोकाकडून सुरू करतो. निकाल लागल्यावर निर्णयाला शहाणा किंवा मूर्ख ठरवणे सोपे असते. निर्णय ज्या दिवशी झाला त्या दिवशी कोणाला काय ठाऊक होते, कोणाच्या हातात काय होते आणि दुसरा कोणता मार्ग खरोखर मोकळा होता, हे तपासून बोलणे अवघड असते. वाद नेमका त्यावरच व्हायला हवा. तो कसा करावा, हे गेल्या काही हंगामांत त्या वहीने आम्हाला शिकवले, आणि पुढील मजकूर त्याच अनुभवावरून लिहिला आहे.

वही कशी ठेवावी

वही साधी असावी आणि पेन शाईचे असावे. मोबाईलवर लिहिलेले पुसता येते, आणि आमच्यातल्या दोघांनी ते पुसून दाखवलेही आहे. क्लबने एखादा मोठा निर्णय घेतला, म्हणजे मॅनेजर नेमला किंवा ठेवला, खेळाडू घेतला, विकला किंवा त्याचा करार वाढवला, की तीन दिवसांच्या आत प्रत्येकाने आपले मत तारखेसह लिहावे. मत एका ओळीत असावे, त्याखाली एकच कारण असावे आणि त्याच्याही खाली, काय घडले तर आपले मत चुकीचे ठरेल, ते लिहावे. ही तिसरी ओळ लिहिताना लोक अडखळतात. "हा खेळाडू चालणार नाही" असे लिहायला क्षणभर पुरतो; पण "पहिल्या हंगामात वीस सामन्यांत सुरुवातीपासून खेळला तर मी चुकलो" असे लिहायचे म्हटले, की पेन थांबते आणि विचार सुरू होतो.

ट्रान्सफरची खिडकी, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत, बंद होण्याच्या रात्री वही उघडी ठेवणे सर्वांत उपयोगी पडते, फक्त घड्याळाकडे लक्ष हवे. 30 ऑगस्ट 2024 रोजी प्रीमियर लीगची, म्हणजे इंग्लंडमधल्या सर्वांत वरच्या श्रेणीची, खिडकी तिकडच्या रात्री 11 वाजता बंद झाली, तेव्हा नागपुरात पहाटेचे साडेतीन झाले होते. 2025 मध्ये 1 सप्टेंबरला ती तिकडच्या संध्याकाळी 7 वाजताच मिटली, त्यामुळे आपल्याकडे रात्री साडेअकरालाच काम आटोपले आणि बऱ्याच वर्षांनी घरच्यांची बोलणी न खाता झोपता आले. जानेवारीच्या खिडकीला इंग्लंडमधील घड्याळ हिवाळ्याचे असते, म्हणून आणखी एक तास धरावा.

जुलै 2024 च्या माझ्या नोंदीकडे परत येतो, कारण तिच्यातली चूक साधी दिसते पण साधी नाही. "त्या वेळी कोणाला ठाऊक होते?" अशी सबब मला सहज सांगता आली असती. प्रत्यक्षात त्या वेळी पुष्कळ काही ठाऊक होते. 2023-24 च्या हंगामात युनायटेड लीगमध्ये आठव्या क्रमांकावर राहिली होती, 38 पैकी 14 सामने हरली होती आणि तिने केलेल्या गोलांपेक्षा खाल्लेले गोल एकने जास्त होते. 25 मे रोजी तिने मँचेस्टर सिटीला 2-1 असे हरवून एफए कप ही लीगपेक्षा वेगळी स्पर्धा जिंकली, आणि मी त्या एका संध्याकाळच्या भरवशावर नऊ महिन्यांचा हिशेब बाजूला सारला. निर्णयाच्या दिवशीची माहिती धरून निर्णय तोलावा, या नियमाला दोन्ही बाजूंनी धार आहे. नंतर काय झाले ते वापरायचे नाही हे खरे, पण त्या दिवशी डोळ्यांसमोर असलेले न पाहिल्याची माफीही मिळायची नाही.

निर्णय कोणाचा होता

"मॅनेजमेंट बेकार आहे," हे वाक्य आमच्या बैठकीत आता चालत नाही. कोणती मॅनेजमेंट, असा प्रश्न लगेच येतो. मोठ्या क्लबमध्ये मालक वेगळा असतो, कारभार पाहणारा मुख्य अधिकारी वेगळा, खेळाडूंची निवड आणि करार पाहणारा स्पोर्टिंग डायरेक्टर वेगळा, शोध घेणारी स्काउटिंगची आणि आकडेवारीची माणसे वेगळी, आणि या सगळ्यांच्या खाली मैदानाच्या कडेला उभा राहून शिव्या खाणारा मॅनेजर. काही क्लब त्याला आता मॅनेजर न म्हणता हेड कोच म्हणतात, आणि नावातला हा फरक नुसता दिखाऊ नसतो. हेड कोचला संघ खेळवायचा असतो. संघ जमवण्याची मुख्य जबाबदारी दुसऱ्याची असते. नोव्हेंबर 2024 मध्ये रुबेन अमोरिम युनायटेडमध्ये आले ते हेड कोच म्हणूनच आले.

तारखा जुळवून पाहण्याची सवय लावावी. टेन हाग यांचा करार वाढवण्याचे खापर आमच्या टपरीवर बरेच दिवस डॅन ॲशवर्थ यांच्यावर फुटत होते, कारण ते त्या वेळचे स्पोर्टिंग डायरेक्टर होते. पण ॲशवर्थ 1 जुलै 2024 रोजी कामावर रुजू झाले आणि करारवाढीची घोषणा 4 जुलैला झाली. मॅनेजर ठेवायचा हे तर क्लबने जूनमध्येच ठरवले होते. फेब्रुवारी 2024 मध्ये जिम रॅटक्लिफ यांनी सुमारे 27 टक्के हिस्सा घेऊन फुटबॉलचा कारभार आपल्या गटाकडे घेतला होता, तेव्हा प्रश्न विचारायचा तर तिथे विचारायला हवा. तीन दिवसांपूर्वी खुर्चीत बसलेल्या माणसाला विचारून काही हाती लागत नाही. ॲशवर्थही पुढे डिसेंबरमध्ये पाच महिन्यांतच बाहेर पडले. मॅनेजर आणि त्यांचे साहाय्यक यांना मोकळे करण्यात 1.04 कोटी पौंड गेले आणि ॲशवर्थ यांच्या जाण्यात आणखी 41 लाख पौंड, हे क्लबच्या हिशेबातून नंतर बाहेर आले. करारात वाढवलेल्या वर्षाची किंमत अशी मोजावी लागते, आणि वाद घालताना हा आकडा समोर असला की आवाज आपोआप खाली येतो.

उलट दिशेचे उदाहरण लिव्हरपूलचे आहे. 2017 च्या उन्हाळ्यात इटलीच्या रोमा क्लबकडून मोहम्मद सालाहला घ्यावे, असा आग्रह स्पोर्टिंग डायरेक्टर मायकेल एडवर्ड्स आणि स्काउटिंगच्या लोकांनी धरला होता. ते आपल्या कानाशी सतत लागलेले होते, हे तेव्हाचे मॅनेजर युर्गन क्लॉप यांनी स्वतःच नंतर सांगितले आहे. सालाह त्याआधी चेल्सीत न चाललेला खेळाडू होता. पहिल्याच हंगामात त्याने लीगमध्ये 32 गोल केले. येथे श्रेय कोणाचे यावर आमच्यात दोन तट आहेत आणि ते मिटायचे नाहीत, पण दोन्ही तटांनी मान्य केलेली गोष्ट अशी की शोधणारा, पटवणारा आणि पटवून घेणारा अशी तीन माणसे वेगळी होती, आणि तिसऱ्याचे कौतुक दोन्ही तट करतात.

मी स्वतः आमच्या भागातल्या एका लहान क्लबचा तीन वर्षे खजिनदार होतो. जिल्हा लीगमध्ये खेळणाऱ्या अशा क्लबचा सगळा "कारभार" म्हणजे चेंडू, जाळ्या, कामठीला सामना असला तर गाडीभाडे आणि पावसाळ्यात चिखलात फाटलेले बूट. आमचा सर्वांत चांगला डावा बॅक नोकरी लागल्यामुळे एका सरकारी खात्याच्या संघाकडे गेला, तेव्हा कमिटीने पोराला विकून खाल्ले, अशी कुजबूज मोहल्ल्यात दोन महिने चालली. विकायला किंमत देणारा कोणी नव्हता आणि थांबवायला आमच्याजवळ पगार नव्हता. चूक आमचीही होती, कारण आम्ही लोकांना काहीच सांगितले नाही. तेव्हापासून कुठल्याही क्लबने खेळाडू "सोडला" असे वाचले, की त्याला ठेवून घेणे शक्य तरी होते का, हे मी आधी पाहतो. मोसमाच्या मध्यात कामठीला किंवा मोमिनपुऱ्यात जाऊन एखाद्या जुन्या क्लबच्या सेक्रेटरीजवळ तासभर बसावे, असा माझा प्रत्येक टीव्हीवाल्या चाहत्याला सल्ला आहे. खेळाडू का जातात आणि का राहतात, हे तिथे फार लवकर कळते.

पैशाचा हिशेब

वादातली निम्मी भांडणे या भागात होतात आणि त्यांतली निम्मी ही केवळ हिशेबाची रीत ठाऊक नसल्याने होतात, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल.

वर्तमानपत्रात येतो तो आकडा ट्रान्सफर फीचा, म्हणजे खेळाडूसाठी एका क्लबने दुसऱ्या क्लबला दिलेल्या रकमेचा असतो. क्लबच्या खतावणीत मात्र ती फी एका वर्षात पडत नाही. ती कराराच्या वर्षांवर विभागली जाते. पोर्तुगालच्या बेनफिकाकडून एन्झो फर्नांडिसला चेल्सीने 31 जानेवारी 2023 रोजी 10.68 कोटी पौंडांना घेतले आणि 2031 पर्यंतचा, म्हणजे साडेआठ वर्षांचा करार केला. भागाकार केला तर दर वर्षाच्या हिशेबात सुमारे 1.26 कोटी पौंड येतात. तीच फी पाच वर्षांत विभागली असती, तर दर वर्षी 2.14 कोटी पडले असते. लांब करारांचा अर्थ इतका सरळ होता, आणि तो ओळखूनच युएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेने 2023 च्या उन्हाळ्यापासून व प्रीमियर लीगने त्याच वर्षीच्या डिसेंबरात, नव्या खरेदीची विभागणी जास्तीत जास्त पाच वर्षांतच करता येईल, असा नियम केला. तेव्हा "एवढ्या लांबच्या कराराची गरजच काय होती?" असे कोणी विचारले, तर त्याला वेड्यात काढू नये आणि चेल्सीलाही वेड्यात काढू नये. गरज हिशेबाची होती, धोका खेळाचा होता. खेळाडू चालला नाही, तर त्याचा पगार आठ वर्षे मानगुटीवर बसतो.

पगाराचा मुद्दा आमच्या काकांनी एकदा पोळ्याच्या दिवशी फार चांगला सांगितला. त्यांचे गाव काटोलकडे आहे. "बैलजोडीची किंमत बाजारात एकदाच बोलली जाते बापू, कुटार-ढेप मात्र वर्षभर लागते," असे म्हणून त्यांनी फी आणि आठवड्याचा पगार यांतला फरक समजावला. फुकट मिळालेला, म्हणजे करार संपवून आलेला खेळाडू फुकट नसतो. फी वाचलेली असते म्हणून तो पगार वाढवून मागतो. त्यामुळे खरेदी स्वस्त की महाग हे ठरवताना फी आणि कराराच्या सगळ्या वर्षांचा पगार यांची बेरीज करावी. पगाराचा आकडा पक्का नसेल, तर त्यावर मत देऊ नये.

विक्रीचा हिशेब यापेक्षाही उलटा वाटतो. समजा एक खेळाडू 5 कोटींना घेतला आणि करार पाच वर्षांचा केला, तर तीन वर्षांनी खतावणीत त्याची किंमत 2 कोटी उरते. तो 3 कोटींना विकला, की टपरीवर 2 कोटींचा तोटा झाल्याचे बोलले जाते आणि क्लबच्या हिशेबात 1 कोटीचा नफा दिसतो. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. फक्त आपण कोणत्या अर्थाने तोटा म्हणतो, ते आधी सांगावे. क्लबच्या अकादमीत, म्हणजे त्याच्या स्वतःच्या प्रशिक्षण शाळेत, घडलेल्या खेळाडूला खतावणीत फीची किंमतच नसते, म्हणून त्याच्या विक्रीची जवळजवळ सगळी रक्कम नफ्यात जाते. आपल्या घरचा पोरगा विकून परक्याला आणले म्हणून चाहत्यांच्या पोटात कालवते, आणि नेमके त्याच वेळी हिशेबनिसाच्या चेहऱ्यावर समाधान असते, ते यामुळे.

हा हिशेब केवळ कागदावर राहात नाही. प्रीमियर लीगच्या तेव्हाच्या नियमानुसार क्लबला तीन हंगामांत मिळून 10.5 कोटी पौंडांपर्यंतच तोटा दाखवता येत होता. तो ओलांडल्याबद्दल एव्हर्टनचे नोव्हेंबर 2023 मध्ये 10 गुण कापले गेले, अपिलात ते 6 झाले आणि एप्रिल 2024 मध्ये आणखी 2 गेले. माझ्या दृष्टीने त्याहून शिकण्यासारखे प्रकरण नॉटिंगहॅम फॉरेस्टचे आहे. तीन हंगामांपैकी दोन त्यांनी खालच्या श्रेणीत काढले असल्याने त्यांची मर्यादा 6.1 कोटी होती आणि ती त्यांनी 3.45 कोटींनी ओलांडली. अकादमीतून आलेला ब्रेनन जॉन्सन त्यांनी टॉटनहॅमला विकला तो 1 सप्टेंबर 2023 रोजी, सुमारे 4.75 कोटी पौंडांना. पण हिशेबाचे वर्ष 30 जूनला संपले होते. आधी विकला असता तर कमी किंमत आली असती, थांबल्यामुळे जास्त आली, आणि जास्त पैसा म्हणजे क्लबची प्रकृती उलट चांगली, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो मान्य झाला नाही आणि मार्च 2024 मध्ये 4 गुण गेले.

या एका विक्रीवर आमची बैठक तीन आठवडे चालली, आणि आजपर्यंतच्या सर्वांत चांगल्या वादांपैकी तो एक होता, कारण दोन्हीकडे खरेखुरे काहीतरी होते. फॉरेस्टच्या बाजूने बोलणाऱ्याने किमतीतला फरक मांडला. विरुद्ध बाजूने काकांनी विचारले, की मार्च अखेरीला कर्जाचा हप्ता भरायचा असताना एप्रिलात संत्र्याला भाव चांगला मिळेल, असे बँकेला सांगून चालते काय? मग पहिल्याने हंगामाचा शेवट काढला: फॉरेस्ट 32 गुणांसह सतराव्या क्रमांकावर राहिले आणि खालच्या श्रेणीत घसरलेला अठरावा संघ ल्युटन 26 गुणांवर होता, म्हणजे 4 गुण गमावूनही ते तरले. त्यावर मी आक्षेप घेतला, कारण हे नंतरचे ज्ञान होते आणि आमच्याच नियमात बसत नव्हते. 1 सप्टेंबरला फॉरेस्टला आपण सहा गुणांनी वाचू हे माहीत नव्हते. हा आक्षेप मान्य झाला. वहीत तो लाल शाईने लिहिलेला आहे, कारण माझा आक्षेप मान्य होण्याचे प्रसंग थोडे आहेत.

कोणाला बाहेर बसवणार?

"अमुक खेळाडू आणा" असे म्हणणाऱ्याने "तमुक खेळाडू काढा" हेही म्हटलेच पाहिजे. यासाठी कागदावर मैदान काढावे. आम्ही तर्री-पोह्यांच्या दुकानातल्या कागदावर काढतो, त्यामुळे आमच्या बऱ्याच संघांच्या उजव्या बाजूला तेलाचा डाग असतो. प्रत्येक जागेसाठी दोन नावे लिहावीत आणि नावापुढे वय व करार संपण्याचे वर्ष घालावे. चित्र पूर्ण झाले, की बहुतेक मागण्या आपोआप विरघळतात. तिशी ओलांडलेले तीन मिडफिल्डर आणि एकाच उन्हाळ्यात संपणारे चार करार एका नजरेत दिसतात, आणि ओरडून मागितलेला स्ट्रायकर खरे म्हणजे चौथ्या क्रमांकाची गरज असल्याचे कळते.

प्रीमियर लीगच्या यादीत 25 जणांना जागा असते आणि त्यांतले जास्तीत जास्त 17 जण तेथील व्यवस्थेत न घडलेले असू शकतात. 21 वर्षांखालील खेळाडूंची नोंद त्या 25 मध्ये करावी लागत नाही. त्यामुळे सामान्य दिसणारा एखादा स्थानिक गोलकीपर किंवा बदली बॅक यादीत वर्षानुवर्षे का टिकतो, याचे उत्तर पुष्कळदा या आकड्यांत मिळते. आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये 2021-22 पासून मैदानावर एका वेळी चारच परदेशी खेळाडू उतरवता येतात. क्लब त्यांतल्या जागा गोल करणाऱ्याला आणि बचावाच्या मध्यभागी उभ्या राहणाऱ्याला आधी देतात, कारण तिथली चूक महाग पडते. भारताचा स्ट्रायकर सुनील छेत्रीने जून 2024 मध्ये राष्ट्रीय संघातून निवृत्ती घेतली आणि मार्च 2025 मध्ये त्याला पुन्हा भारताच्या संघात यावे लागले, तेव्हा आमच्याकडे सगळा राग राष्ट्रीय प्रशिक्षकावर निघाला. क्लबांच्या यादीत भारतीय स्ट्रायकर किती मिनिटे खेळतात, हे कोणी आधी मोजले असते, तर त्या रागाला थोडा योग्य पत्ता मिळाला असता.

क्रमाची गल्लतही येथेच होते. लिव्हरपूलने मिडफिल्डर कुटिन्योला विकून त्या पैशातून बचावपटू व्हॅन डाइकला आणले, हे वाक्य मी किमान पन्नास वेळा ऐकले आहे. व्हॅन डाइकचा 7.5 कोटी पौंडांचा सौदा 27 डिसेंबर 2017 रोजी जाहीर झाला आणि कुटिन्यो बार्सिलोनाला गेल्याचे 6 जानेवारी 2018 रोजी. विक्री होणार याचा अंदाज क्लबला असणे शक्य आहे, पण "आधी विकले, मग घेतले" असे म्हणता येत नाही. दहा दिवसांचा हा फरक वादात महत्त्वाचा आहे, कारण दुसऱ्या क्लबला "तुम्हीही आधी विका" असा उपदेश आपण याच उदाहरणावरून करत असतो.

बातमी, अफवा आणि बसण्याची रीत

अफवेवर वाद घालू नये, असे म्हणणार नाही. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांत दुसरे करायचे तरी काय? मात्र क्लबची अधिकृत घोषणा, प्रसिद्ध झालेले हिशेब, नाव देऊन लिहिणाऱ्या पत्रकाराची बातमी आणि एजंटाने सोडलेली पुडी, या चार गोष्टी वहीत चार वेगळ्या खुणांनी लिहाव्यात. एजंट बोलतो तेव्हा तो बहुधा दुसऱ्याच क्लबशी बोलत असतो.

बसण्याचे नियम थोडे आहेत. विरोधी क्लबच्या माणसाला त्याच्या संघाच्या निर्णयावर आधी बोलू द्यावे, कारण दुःख त्याचे असते. खेळाडूच्या घरच्यांबद्दल आणि रंगाबद्दल एक अक्षर निघाले, की बोलणाऱ्याने सगळ्यांचा चहा द्यायचा आणि त्या दिवशी गप्प बसायचे. वयाने मोठ्यांशी वाद घालताना "तुम्ही" सुटू देऊ नये. काकांना "तुमचं डोकं फिरलं काय" असे म्हणता येते, पण "तुमचं"च म्हणावे लागते. आणि टपरीवाल्या भाऊंनी शटरला हात लावला, की चालू वाक्य पूर्ण करून उठावे.

अजून न मिटलेले एक पान

वहीत 30 ऑगस्ट 2024 चे पान आहे. त्या दिवशी युनायटेडने लहानपणापासून आपल्याच अकादमीत वाढलेला स्कॉट मॅक्टॉमिने इटलीच्या नापोली क्लबला सुमारे 2.5 कोटी पौंडांना विकला आणि मिडफिल्डसाठी पॅरिसच्या क्लबकडून सुमारे 4.2 कोटींना मॅन्युएल उगार्तेला आणले. काकांनी लिहिले: "योग्य. करार पुढच्या उन्हाळ्यात संपतो, वाढवला तरी एकच वर्ष. घरचा खेळाडू, सगळी रक्कम नफ्यात. त्या पैशाशिवाय दुसरा येत नाही." युनायटेडवाल्या पोराने त्याखाली लिहिले: "अयोग्य. गोल करणारा मिडफिल्डर विकून गोल थांबवणारा घेतला. आपल्याला गोलच होत नाहीत." दोघांचीही कारणे त्या दिवशीच्या माहितीवर उभी होती, म्हणून हे पान मी नव्या माणसाला नमुना म्हणून दाखवतो.

23 मे 2025 च्या रात्री नापोलीचा कॅल्यारीविरुद्ध शेवटचा सामना होता. आपल्याकडे सव्वाबारा वाजले होते, नवतपा लागायला एक दिवस उरला होता आणि गच्चीवर ठेवलेल्या टीव्हीचा मागचा भाग तव्यासारखा तापला होता. मॅक्टॉमिनेने हवेत आडवे होऊन गोल केला, नापोली 2-0 ने जिंकून इटलीचे विजेते झाले, आणि पुढे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू म्हणूनही त्याचीच निवड झाली. पोरगा उठला आणि वही शोधू लागला. "काढा ते पान, काका. आता खोडा."

काकांनी पान काढले, चष्मा लावला आणि आपली नोंद पुन्हा एकदा सावकाश वाचली. "करार संपतच होता ना बे? नफाही झालाच ना?" असे म्हणून त्यांनी ती खोडायला साफ नकार दिला. मग पोराच्या नोंदीखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात तारीख घातली, "लीगमध्ये 12 गोल" एवढेच लिहिले आणि सही करून वही पिशवीत टाकली.